चपलांपाशी कोण बसणार?

आमच्या घरात सहलीचं नियोजन माझ्याकडे असतं आणि ते मी उत्तम करतो. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. दुबईजवळच्या फुजैराच्या बंदरात माझी नोकरीच ती आहे. तेलाची जहाजं बाहेर समुद्रात रांगेने उभी असतात. त्यातलं कुठलं कधी आत घ्यायचं आणि कुठल्या धक्क्याला लावायचं, हे मी ठरवतो. तेव्हा घरातली तीन माणसं मालदीवला नेऊन सुखरूप परत आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो.

सहल ठरली ती लेकीमुळे. ती इथेच वाढली, इथेच शिकली आणि दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात लागली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. तिला कॅनडात नोकरी मिळाली. जायच्या आधी एका शनिवारी घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "लेट्स ऑल गो टू ॲन आयलंड फॉर ईद. माय ट्रीट. बट वन कंडिशन. आई, धिस टाइम यू आर कमिंग इन द वॉटर विथ मी."

आमची ही आमटी वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. लेकीलाही ते ठाऊक आहे. ती ताटात बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, जस्ट वन्स. आय ॲम गोइंग सो फार." ही पुन्हा म्हणाली, "बघू गं," आणि पापड आणायला आत गेली.

आता हिचं आणि समुद्राचं काय ते सांगतो. लेक लहान असल्यापासून आम्ही इथले किनारे पालथे घातले. फुजैरा तर घरचंच, शिवाय खोरफक्कान, उम्म अल कुवैन, सुट्टी मिळेल तिथे. मी आणि लेक पाण्यात, आणि ही वाळूत चटई टाकून चपलांपाशी. चपला, पाकीट, मोबाइल, गाडीची किल्ली, माझा चष्मा, टॉवेल, चिवड्याचा डबा, सगळं तिच्याभोवती मांडलेलं. लेक पाण्यातून ओरडायची, "आई, कम इन!" ही नुसता हात हलवायची. परतताना गाडीत मी म्हणायचो, "काय मस्त होता ना समुद्र!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "मी कुठे बघितला? मी तुमची डोकी वर आहेत की नाही ते बघत होते." मला वाटायचं, टोमणा आहे. मी एसी वाढवायचो.

तर मी कामाला लागलो. लॅपटॉपवर तक्ता केला. तिथल्या विमानतळावरून बेटावर नेणारं सीप्लेन दिवस मावळला की उडत नाही, म्हणजे आपलं विमान दुपारच्या आत पोचायला हवं. नाहीतर स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट हवं. पावसाचा अंदाज, जेवण कुठलं, खोली पाण्यावरची की वाळूवरची, सगळं मी रकाने पाडून बसवलं. ऑफिसातले लोक दर ईदला कुठे ना कुठे उडतात, जॉर्जिया काय, झांझिबार काय. म्हटलं, आपणही बघू या एकदा थाट. भाडं दिरहममध्ये ऐकलं आणि सवयीने मोठ्याने रुपयांत केलं, तेव्हा लेकीने फोनवर "बाबा, स्टॉप इट!" केलं. मग मी तो रकानाच काढून टाकला.

बुकिंग करून देणारा माणूस हैदराबादचा होता. त्याचा फोन मी स्पीकरवर लावला. ही समोर कोथिंबीर निवडत बसली होती. तो रंगात येऊन सांगत होता की बोटीतून उतरलं की धक्क्यावरच तुमच्या चपला काढून घेतात, कापडी पिशवीत घालून ठेवतात आणि निघताना परत देतात. बेटभर अनवाणी फिरायचं. पाकीट नको, किल्ली नको, खोलीला कुलूप कोणी लावतच नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, वहाँ आपको कुछ भी सँभालना नहीं है."

मी खूश! फोन ठेवला आणि हिच्याकडे बघितलं. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच होती.

"मग मी तिथे करायचं काय?" ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. आणि मग जे तिने सांगितलं, ते इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी कळलं नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या तिच्या गावी मळ्यात मोठी विहीर होती. उन्हाळ्यात तिच्या भावांना तिथे पोहायला शिकवायचे, पाठीला रिकामा डबा बांधून. डबा तरंगवतो, पोर हातपाय मारतं, असं शिकत शिकत एक दिवस डबा सोडायचा. हीही एकदा म्हणाली, मला पण बांधा. तर काका म्हणाले, "पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून? तू कपड्यांपाशी बस. वारं सुटलंय, उडून जातील." ती बसली. दर उन्हाळ्यात बसली.

"आणि आता एवढं पाणी बघितलं की छातीत धडधडतं हो माझ्या," ती म्हणाली. "सामान होतं ते बरं होतं. कुणी बोलावलं तर सांगता यायचं, की मी सामानापाशी आहे. आता पोर एवढं म्हणतेय, आणि सांगायला काहीच नाही."

मला गलबलून आलं. पण माझा स्वभाव असा, की गलबललं की मी कामच काढतो. "हात्तिच्या! एवढंच ना? मी वाईचा आहे. कृष्णेच्या घाटावरनं उड्या मारल्यात. आठवड्यात तयार करतो तुला!"

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या तरणतलावात तिला उतरवलं. इथल्या बायका घालतात तसा अंगभर पोहायचा ड्रेस तिने घेतला होता. गुडघ्याला पट्टा. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी काठावर उभा राहून सुरू केलं, "हात सोड! पाय मार! अगं, श्वास सोड! सोड म्हणजे सोड!" तिने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग शांतपणे पायऱ्या चढून वर आली, टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही जहाजं लावा धक्क्याला. मला नका लावू."

खलास! पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मी मनात म्हटलं, नियोजनाचे बारा वाजले.

पण ही बाई काय चीज आहे, ते मला अजून कळायचं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरात हाक आली. ओट्यावर तेलाचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे, धुऊन, झाकणं घट्ट लावून ठेवलेले. शेजारी तिची जुनी सुती ओढणी.

"भावांना बांधायचे तसं मला बांधा," ती म्हणाली. "आणि एक अट. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

तरणतलावावरच्या लाइफगार्डने डबे बघितले आणि शिट्टीच मारली. नॉट अलाउड. मी भांडायच्या तयारीत होतो, पण हिनेच मला ओढलं. मग आम्ही उम्म अल कुवैनला जायला लागलो. तिथली खाडी म्हणजे परातीत ओतल्यासारखं पाणी, लाट नाही, गडबड नाही, दूरपर्यंत कमरेइतकंच. दर शनिवारी सकाळी डोंगर ओलांडून आम्ही दोघं आणि दोन डबे तिकडे. लेकीला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. "नाही जमलं तर उगाच तिला वाईट वाटेल. जाताना तिच्या मनाला ते नको."

माझं काम एवढंच, की ओढणीचं टोक धरून गप्प उभं राहायचं. गप्प राहणं मला किती जड जातं, ते माझ्या ऑफिसात विचारा. पहिल्या वेळी ती नुसती पाण्यात उभी राहिली. मग हळूहळू बसली. मग डब्यांवर भार टाकून पाय उचलले आणि लगेच खाली टेकवले. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, डोळे लाल झाले. मला वाटलं, आता म्हणणार, चला घरी. तर नाक शिंकरून म्हणाली, "धरा टोक," आणि पुन्हा पाय उचलले. किनाऱ्यावर एक अरब आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "हबीबी, व्हॉट इज धिस?" मी म्हटलं, "ट्रेनिंग." त्यांनी डब्यांकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "इन्शाल्ला." पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला खजूर आणले.

मला तिचं इतकं कौतुक वाटायचं, की सांगता सोय नाही. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघा दुखतोय, छातीत भीती आहे, तरी दर शनिवारी माझ्या आधी उठून गाडीपाशी उभी. मी कृष्णेत उड्या मारल्या त्या भीती ठाऊक नव्हती म्हणून. त्यात काय मोठंसं? ही भीतीसकट उतरत होती. दोन डब्यांचा एक झाला. हात चालायला लागले, पाय चालायला लागले, ओढणीचं टोक माझ्या हातातून सुटलं. मात्र तो एक डबा काही सुटेना. ईदच्या आधीच्या शनिवारी मी गाठीला हात घातला, तर फाडकन हातावर मारलं. "हात लावू नका! डबा सुटला की मी बुडले."

लेक पाण्यात बोलावणार आणि ही डबा बांधून उतरणार की उतरणारच नाही, हे माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हतं.

डबा बॅगेत भरला तेव्हा लेक आली होती. तिला सगळं सांगावंच लागलं. ऐकून तिचे डोळे भरले, आणि पुढच्याच क्षणी ती किंचाळली, "बट आई, नो! इट्स अ लक्झरी रिसॉर्ट!"

"मग?" ही म्हणाली. "लक्झरीत माणूस बुडत नाही का?"

बेट मी निवडलं होतं म्हणून सांगत नाही, पण डोळ्यांचं पारणं फिटलं. वाळू रांगोळीसारखी मऊ. पाण्याचा रंग असा, की फुजैराचं पाणी रोज बघणारा मीसुद्धा चष्मा पुसायला लागलो. धक्क्यावर खरंच चपला काढून घेतल्या. हिने आपल्या चपला त्या पिशवीत जाताना नीट बघितल्या, आणि मग हात कुठे ठेवावे ते तिला सुचेना. पहिला दिवस ती खोलीच्या लाकडी डेकवर पाय पाण्यात सोडून बसली. लेकीने एकदाही "कम इन" म्हटलं नाही. मला ते न म्हणणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकपासून थोड्या अंतरावर ओहोटीने वाळूचा उंचवटा उघडा पडला. लेक पोहत जाऊन तिथे उभी राहिली. मधलं पाणी हिच्या डोक्यावरून जाणारं. रिसॉर्टची पोहायला शिकवणारी एक श्रीलंकेची बाई मध्ये पाण्यात थांबली होती. ही डबा बांधून शिडी उतरली. कमरेपर्यंत पाण्यात गेली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, संपलं, आता वर येणार. तेवढ्यात तिने पाठीमागे हात नेला आणि स्वतःच गाठ सोडली. डबा ओढणीसकट वर डेकवर उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला.

"हा सांभाळा," ती म्हणाली. "वारं सुटलंय."

आणि गेली.

मी डबा छातीशी धरून डेकच्या काठावर बसलो. मध्यावर एकदा ती खाली गेली. मी ताडकन उभा राहिलो, "पाय मार" अगदी जिभेवर आलं, ते दाताखाली दाबलं. डोकं वर आलं. पुन्हा हात चालले. ती बाई बाजूने सरकत होती, पण तिने हात लावला नाही, लावायची वेळच आली नाही. वाळूवर पोचली तशी लेकीने तिला मिठीच मारली, आणि एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी आमची पोर रडत ओरडली, "आलीस! आई, तू आलीस!"

मग त्या बाईसकट तिघींनी चष्मे लावले, तोंडात नळ्या धरल्या आणि प्रवाळाच्या कडेने मासे बघायला गेल्या. मला कोणी बोलावलं नाही, आणि मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! मी तिथेच बसून राहिलो. पाण्यावर तीन नळ्या दिसत होत्या. एक जरा वाकडी झाली की मी अर्धा उठायचो.

बऱ्याच वेळाने ही शिडी चढून आली. केसांतून पाणी गळतंय, ओठ निळे, आणि चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतही इतका चांगला आलेला नाही. माझ्या हातातला डबा बघून हसली.

"काय हो," ती म्हणाली, "कसा होता समुद्र?"

"मी कुठे बघितला?" मी म्हणालो.