हलकी चाकं

दत्तप्रसाद परुळेकर चाक बघत नाही, ऐकतो. सलमानियातल्या एका गल्लीत स्ट्रेचर आणि व्हीलचेअर दुरुस्त करणारं छोटं वर्कशॉप आहे, तिथे तो एकोणीस वर्षं फिटर आहे. स्ट्रेचर एका बोटाने ढकललं तर चाललं पाहिजे आणि चालताना आवाज येता कामा नये, कारण वर झोपलेला माणूस आधीच जिवाला कंटाळलेला असतो. कुडाळच्या आयटीआयमधून बहारीनला आलेल्या या माणसाने स्वतःला घालून घेतलेला नियम एवढाच.

नोव्हेंबरात गुनवोर नावाची एक नॉर्वेजियन बाई लांबट पिशवी घेऊन आली. पिशवीतून दोन अरुंद पट्ट्या निघाल्या, प्रत्येकीला पुढे-मागे एकेक चाक.

"दत्ताभाई, ये किसका स्ट्रेचर है? छिपकली का?" वेल्डर ताहिरने विचारलं.

त्या रोलर स्की होत्या. बर्फ नसेल तिथे स्कीपटू त्यांवर रस्त्यावर सराव करतात. गुनवोर पस्तीस वर्षांची. चौथ्या वर्षी स्कीवर उभी राहिली, तेराव्या वर्षी शर्यतीत उतरली, पुढे दोन हंगाम राष्ट्रीय संघात होती. विश्वचषकाच्या शर्यतीत तिचा सर्वांत वरचा क्रमांक अकरावा. "नॉर्वेत अकरावी म्हणजे कोणीच नाही," तिने रक्तगट सांगावा तसं सांगितलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे अमवाज आयलंड्सवरच्या फ्लॅटमध्ये मुक्काम आला. पण मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या गावच्या क्लबच्या रिले संघात एक जागा रिकामी होती. प्रशिक्षकाची अट अशी की जानेवारी संपायच्या आत रोलर स्कीवर दहा किलोमीटर तेहतीस मिनिटांत. यंदा नाही तर पुन्हा कधीच नाही, हे तिला आणि प्रशिक्षकाला, दोघांनाही माहीत होतं. ती तेहतीस मिनिटं पन्नास सेकंदांवर अडकली होती.

तक्रार साधी होती. वाळू शिरून चाकं कुरकुरतात.

दत्तप्रसादने चाकं फिरवली आणि तोंड वाकडं केलं. रबर मऊ, फिरणं जड. त्याने बेअरिंगं बदलली, पातळ तेल घातलं, मऊ रबराची झिजलेली चाकं काढून स्ट्रेचरची टणक चाकं लेथवर त्या मापाची करून बसवली. बोट लावलं. चाक फिरत राहिलं, आवाज नाही.

पंधरा दिवसांत गुनवोरची वेळ एकतीस चाळीसवर आली. प्रशिक्षकाने जागा दिली. ती आईने पाठवलेलं तपकिरी, गोडसर चीज घेऊन वर्कशॉपमध्ये आली. "मीठा पनीर? तौबा," ताहिर म्हणाला आणि तीन तुकडे खाल्ले.

जानेवारीत नॉर्वेहून मूळ कंपनीची नवी चाकं आली. जायच्या आधी बसवून द्या, म्हणून तिने खोकं ठेवलं. दत्तप्रसादने एक चाक फिरवून पाहिलं. अडीच फेऱ्यांत थांबलं. माल खराब, असं समजून दुसरं घेतलं, तिसरं, चौथं. सगळी तशीच. मग त्याने खोक्यातला कागद वाचला. चाकं मुद्दाम जड बनवलेली होती. बर्फ जेवढा पाय धरून ठेवतो तेवढीच ती धरतात. एकोणीस वर्षं ज्याला तो दोष म्हणत आला, तो इथे गुण होता. ती दोन मिनिटं गुनवोरच्या पायांनी नाही, त्याच्या लेथने कमी केली होती.

"चुप रहो यार," ताहिर म्हणाला. "मॅडम खुश, आप खुश. खलास."

झिंजमधल्या घरी बायकोने, रुपालीने, जेवण वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. "सांगून टाका," ती म्हणाली. "थंय जाऊन ती मागे रवली तर तुमच्या घशाखाली घास उतरतलो काय?"

दुसऱ्या दिवशी त्याने गुनवोरला बोलावलं. तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं बरं, म्हणून स्ट्रेचर तपासायची उतरती फळी लावली. एका स्कीला नवी चाकं बसवली होती, दुसरीला त्याची. नवी सहा मीटरवर थांबली. त्याची अकरावर.

गुनवोरने वाकून दोन्ही अंतरं पाहिली. तिथेच उभ्याने प्रशिक्षकाला फोन लावला. मिनिटभर बोलली. जागा पुन्हा रिकामी झाली. नऊ दिवस हातात होते.

"माझी चूक, मॅडम."

"दोन मिनिटं कमी झाली आणि मी का म्हणून विचारलं नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षं शर्यती करते मी. दुसरीलाही नवी बसवा. तेल घालू नका."

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी सहाला, दत्तप्रसाद अमवाजच्या रस्त्यावर स्टॉपवॉच घेऊन उभा होता. उत्तरेचं वारं सुटलं होतं. दोन्ही हातांतल्या काठ्या रोवत गुनवोर फेऱ्यांमागून फेऱ्या घेत होती, आणि ती येण्याआधी चाकांची जड घरघर यायची. शेवटच्या फेरीनंतर ती काठ्यांवर ओणवी झाली.

"किती?"

"तेहतीस नऊ."

दम परतल्यावर तिने तोच आकडा कळवला. वाऱ्याचा उल्लेख केला नाही. संध्याकाळी उत्तर आलं: जागा वीस वर्षांच्या एका मुलीला.

पुढच्या आठवड्यात ती पिशवी घेऊन पुन्हा वर्कशॉपमध्ये हजर.

"आता काय खराब झालं?" दत्तप्रसादने विचारलं.

"काही नाही. तुमची चाकं बसवा. आता मला कोणाला वेळ कळवायची नाही."

त्याने ती ठेवून दिली होती. पुसली, बसवली, बोट लावून ऐकलं. पुढच्या शुक्रवारी रुपालीला घेऊन तो अमवाजला पाण्याकाठी बसला होता, तेव्हा मागून कोणीतरी वाऱ्यासारखं गेलं. गुनवोर पार वळणाशी पोचल्यावर त्याला कळलं. चाकांचा आवाजच आला नव्हता.