आईंची बावीस मिनिटांची प्रार्थना

रविवार, ६ मार्च १९८३. सकाळी देवळात उपासना. शांतीला नव्या चपला चावल्या. पाणी साडेसहालाच गेलं. दुपारी जेवायला आठ माणसं, भिवा धरून. आईंची प्रार्थना बावीस मिनिटं चालली.

ही माझ्या डायरीतली नोंद. देऊळ म्हणजे आमचं चर्च. आई म्हणजे माझ्या सासूबाई, रखमाबाई पाटोळे. त्या दिवशी मी मनगटावरचं घड्याळ बघत होते हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. प्रार्थनेत डोळे उघडणं त्यांच्या लेखी चोरीच होती.

संगमनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या परळच्या चाळीत आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. सासरे गिरणीत विणकर. ते अचानक गेले, तेव्हा माझे यजमान प्रभाकर नववीत होते. आईंनी महिन्याभरात खाणावळ सुरू केली. बायकामुलं गावी ठेवून मुंबईत राहणारे गिरणी कामगार जेवायला येऊ लागले. बहुतेक घाटावरचे, थोडे कोकणातले, सगळे हिंदू. बाई ख्रिस्ती आहे म्हणून सुरुवातीला कुजबुज झाली. मग कुणीतरी त्यांचं सुकटीचं कालवण खाल्लं आणि कुजबुज थांबली. माळकऱ्यांची आमटी त्या वेगळ्या पातेल्यात करत आणि त्या पातेल्याला घरातल्या कुणाचाही हात लागू देत नसत.

खाणावळीचा नियम एकच होता. सगळे बसल्याशिवाय प्रार्थना नाही आणि प्रत्येकाच्या तोंडून आमेन आल्याशिवाय जेवण नाही. एकाचा जरी आवाज कमी पडला तरी प्रार्थना वर पोचत नाही, अशी आईंची पक्की समजूत होती. त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ घातलेला कुशाबा रोज दोन वेळा खणखणीत आमेन म्हणायचा. एकदा गावी ताटावर बसताना त्याच्या तोंडून सवयीने ते निघून गेलं. बायकोने हातातली भाकरी तशीच धरून विचारलं, "बाटलासा का काय मुंबईला जाऊन?" त्याची समजूत घालता घालता आपली सुट्टी संपली, असं तो सांगायचा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पाठ केलेल्या चार ओळींच्या प्रार्थनेची सवय असलेली. आईंची प्रार्थना मात्र घरच्या गप्पांसारखी चाले. प्रत्येकाचं नाव, त्याची म्हातारी, त्याची गाभण म्हैस, असं सगळं त्या देवाच्या कानावर घालत. मग १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माणसं गावाकडे जाऊ लागली. पंचविसांची सात-आठ उरली. गेलेल्यांची नावं आईंनी काढली नाहीत, उलट प्रत्येकाच्या गावच्या पाऊसपाण्याची भर घातली.

"मावशे, माणसां कमी झाली, मग प्रार्थना वाढली कशी गो?" आमचा कोकणातला गुणाजी विचारायचा.

"जे समोर नाहीत त्यांच्यासाठी जास्त बोलावं लागतं," आई म्हणायच्या. "हात जोड."

संपाला वर्ष उलटून गेलं आणि भिवा संप मोडून कामावर परत गेला. भिवा आणि कुशाबा एका गावचे, गिरणीत शेजारच्या मागांवर उभे राहणारे, आमच्याकडे बारा वर्षं मांडीला मांडी लावून जेवलेले. कुशाबाने सांगून टाकलं, "त्यो ज्या पंगतीला, त्या पंगतीला म्या न्हाय." भिवा आठवडाभर आलाच नाही. कुठेतरी उभ्या उभ्या वडापाव खात होता.

मी आईंना सुचवलं, "दोन पंगती करू. एक अकराला, एक साडेबाराला."

"माझ्याकडे प्रार्थना एकच आहे," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांची पंगत मोडली नव्हती आणि ती आता मोडेल या धास्तीने त्या रात्री झोपत नव्हत्या, हे मला त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत असे.

त्या रविवारी देवळातून परतताना त्या भिवाच्या खोलीवर गेल्या आणि त्याला सोबत घेऊनच आल्या. कुशाबाने त्याला पाहिलं आणि आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. आईंनी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. कुशाबा गप्प.

आईंनी डोळे न उघडता पुन्हा सुरुवात केली. यावेळी बायबलातल्या नोहापासून. महापुरात त्याच्या तारवात वाघही होता, शेळीही होती, जेवण एकाच छपराखाली होत होतं, वगैरे.

"मावशे, हंयसर वाघ कोण नाय," गुणाजी पुटपुटला. "दोनव शेळयेच."

शांती, माझी सात वर्षांची मुलगी, हसली. आईंनी डोळे मिटूनच तिच्या गुडघ्यावर चापट मारली आणि पुढे बोलू लागल्या. "प्रभू, तुला ठाऊक आहे, पण इथे कुणाच्या ध्यानात नसेल म्हणून सांगते. कुशाबाला कावीळ झाली तेव्हा भिवाने त्याला पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं. आता भिवाची आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून तो कामावर गेला. कुशाबा अडून बसलाय तोसुद्धा एकट्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी. संपात कोण बरोबर ते तू ठरव. माझ्याकडे जेवायला कोण बसणार ते मी ठरवते."

देवाला इतकं स्पष्ट सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

भिवा उठला. "म्या जातो मावशी. त्येचा भात निवतोय."

"बस खाली," कुशाबा भिंतीकडे बघतच म्हणाला. "आमेन. झालं? वाढा आता." आणि ताट सरकवत पंगतीत आला. भिवाच्या अगदी शेजारी नाही, मध्ये गुणाजीला ठेवून. जेवताना मात्र त्याने गुणाजीच्या पुढ्यातून हात लांबवून आपला पापड भिवाच्या ताटात टाकला.

कुशाबाला काम परत मिळालं नाही, तो गावी शेती करू लागला. भिवाची गिरणीही पुढे बंद पडली. खाणावळ आईंनी सत्तरी ओलांडल्यावर थांबवली, प्रार्थना मात्र तेवढीच लांब राहिली. नातवंडं गरम जेवणाची आशा सोडून वाढली. १९९८ साली आई गेल्या तेव्हा दफनभूमीत पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना केली. आम्ही आमेन म्हणायच्या आतच मागून दोन म्हाताऱ्यांचा खणखणीत आमेन आला. शेजारी शेजारी उभे होते, मध्ये कुणी नव्हतं.

६ मार्चच्या पानावर खाली, संध्याकाळी लिहिलेली आणखी एक ओळ आहे. दोन्ही पातेली दोनदा गरम करावी लागली. स्टोव्हच्या वाती बदलायला झाल्या आहेत.