आसेगावच्या तळ्याची काच

सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि रतनलाल काळ्या कापडाखाली डोकं घालून उभा होता. समोर आसेगावचं तळं. साल १९३६, महिना मे. तळ्यात मधोमध उरलेला पाण्याचा एक पट्टा, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर हे सारं उलटं दिसत होतं. बाभूळ डोकं खाली करून लटकलेली, पाणी वर, आभाळ खाली. उलटं बघण्याची त्याला एवढी सवय झाली होती की मनातल्या मनात सुलट करून पाहण्याची गरज उरली नव्हती.

तो वाट पाहत होता धुराची. गावात चुली पेटल्या की वारा नसलेल्या सकाळी धूर वर न जाता पसरतो आणि तळ्यावर येऊन बसतो. पलीकडचा काठ पुसट होतो, मग दिसेनासा होतो. उस्तादाच्या चित्रात हेच होतं. फक्त तिथे धुकं होतं आणि इथे शेणाच्या गोवऱ्या.

उस्ताद म्हणजे एक विलायती फोटोग्राफर. रतनलालनं त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचं नाव त्याला धड उच्चारता येत नव्हतं. मंगरूळपीरहून बदलून गेलेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानं हा लाकडी कॅमेरा घेतला, तेव्हा पेटीत एक जाडजूड वार्षिक अंक निघाला होता. त्यात उस्तादाचं एक चित्र होतं. एक झाड, थोडं पाणी आणि नसलेला काठ. खाली छापलं होतं की हा जगातला नामांकित माणूस आहे. रतनलालनं ते पान तीन वर्षं पाहिलं होतं. कापडाचं दुकान धाकटा भाऊ अजितकुमार सांभाळी आणि गिऱ्हाइकांना सांगे, दादा झाडं मोजायला गेलाय.

त्या सकाळी धूर आला, बसला, काठ पुसला गेला. रतनलालनं भिंगावरची टोपी काढली, मनात नवकार मंत्र म्हटला आणि टोपी परत लावली. वेळ मोजायची त्याची हीच रीत होती. आसेगावला बहीण दिली होती, राजमती. रात्री मुक्काम तिच्याकडेच होता. पण काच धुण्याच्या घाईत तिच्या घरी पाणीसुद्धा न पिता तो मिळेल त्या बैलगाडीनं निघाला. मंगरूळपीरला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं.

फोटो धुण्याचं काम लोक रात्री करतात. अंधार आयता मिळतो आणि पाणी गार असतं. रतनलाल ते दुपारी करायचा, कारण रात्री दिवा लावला की त्यावर किडे येऊन मरतात. घरातल्या धान्याच्या कोठीला एकच खिडकी होती. तिला त्यानं लाल काच बसवली होती. बाहेरचं ऊन तिच्यातून लाल होऊन आत येई आणि त्या उजेडात कॅमेऱ्यातल्या काचेला, जिच्यावर फोटो उमटतो, धक्का लागत नसे. दिवा नाही, किडा नाही. पाणीही तो दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचा. त्याची बायको पानाबाई म्हणायची, तुमचे फोटो आपल्या घरात सगळ्यात सोवळे.

कोठी भट्टीसारखी तापली होती. त्यानं काच डेव्हलपरमध्ये सोडली, बशी हलवत राहिला. उलट्या रंगांत आधी आभाळ काळं झालं, मग झाड आलं, पांढरं, फांदी न् फांदी सुटी. मग पाण्याचा पट्टा. आणि पट्ट्याच्या पलीकडे काही नाही. अगदी काही नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा काठ गेला होता.

तो ते बघत असतानाच काचेच्या एका कोपऱ्याला चुण्या पडल्या. दुधावरची साय बोटानं सरकवावी तशी त्या कोपऱ्यातली साय सरकली. त्यानं काच बाहेर उचलली. तेवढ्यानं उरलेलं सगळं चित्र, झाड, पाणी, आभाळ, काचेवरून घसरलं आणि बशीत गोळा होऊन पडलं. हातात राहिली नुसती स्वच्छ काच, खिडकीच्या तावदानासारखी.

असं कधी झालं नव्हतं. मात्र ऐन मे महिन्यात भर दुपारी त्यानं यापूर्वी काच धुतलीही नव्हती. तो गोळा त्यानं वाटीत घेतला आणि तसाच सैफुद्दीनच्या दुकानात गेला. सैफुद्दीन बोहरी. खिळे, बिजागऱ्या, रंग, वार्निश विकायचा. कॅमेऱ्याचा फाटलेला भाता त्यानंच चिकटवून दिला होता, म्हणून हेही त्याला कळेल असा रतनलालचा हिशेब.

सैफुद्दीननं बोटानं थोडं घेतलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं.

“रतनभाऊ, हा तर सरस हाय.”

“कोणता सरस?”

“सुतार लावते तो. माह्या दुकानात डबा भरून हाय. जरा साफ करेल दिसते, पन चीज तीच. गरमीत सुटते.”

रतनलालला सरस माहीत होता. हाडं आणि चामडी उकळून तो करतात हेही माहीत होतं. त्याच्या वाडवडिलांनी दुकानात रेशीम ठेवलं नाही, किडा मरतो म्हणून. लग्नसराईत गिऱ्हाइकं कारंज्याला जात, तरी त्या दोघा भावांनी रेशीम ठेवलं नाही. आणि तो स्वतः तीन वर्षं गाळलेल्या पाण्यानं हाडांचा रस धूत होता. त्यानं सैफुद्दीनला पुन्हा विचारलं, नक्की का. सैफुद्दीननं आतून डबा आणला, थोडा सरस पाण्यात भिजवला, ऊन केला आणि दोन्ही वाट्या त्याच्यासमोर धरल्या. वास सारखाच होता.

घरी येऊन त्यानं पानाबाईला सांगितलं. ती तूर पाखडत होती. सूप थांबलं. कोठीतलं धान्य बाहेर काढावं लागेल का, एवढंच तिनं आधी विचारलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे जैन मुनी महाराजसाहेबांचा फोटो होता. चार वर्षांपूर्वी मंगरूळपीरला त्यांचा चातुर्मास झाला, तेव्हा श्रावकांनी काढून घेतलेला. रोज सकाळी घरातली सगळी माणसं त्याला हात जोडत.

“तोही असाच असल का?” तिनं विचारलं.

“कागदाचा हाय. पन कागदालेही तेच लावतात.”

“मंग उतरवू का राहू देऊ, ते सांगा.”

उतरवला तर महाराजांचा अवमान होत होता, आणि ठेवला तर आपण रोज कशाला हात जोडतो, हा प्रश्न होता. रतनलालनं फोटोकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, विचार करून सांगतो. पानाबाई म्हणाली की विचार तीन वर्षांआधी केला असता तर बरं झालं असतं, आणि सूप पुन्हा हलू लागलं.

महाराज त्या वेळी विहारात होते, गावोगाव पायी फिरत, कोणत्या गावी ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारायला माणूस नव्हता. संध्याकाळचं जेवण सूर्य असतानाच उरकून रतनलाल परत सैफुद्दीनकडे गेला. पेटीत चार काचा उरल्या होत्या. टाकायच्या की वापरायच्या, एवढाच प्रश्न आहे असं त्यानं त्याला सांगितलं. कॅमेरा त्यासोबत जाणार की राहणार, ते मात्र बोलला नाही.

सैफुद्दीननं तोडगा काढला. जागा रतनलालनं दाखवायची, टोपी सैफुद्दीन काढणार, धुणंही त्याच्याच घरी. रतनलालचा हात कशालाच लागणार नाही.

“चालत नाही,” रतनलाल म्हणाला. “सोता करनं, दुसऱ्याकडून करवनं आन करनाऱ्याले बरं म्हननं, तिन्ही एकच.”

“बरं म्हननंही?”

“हो.”

सैफुद्दीननं थोडा वेळ पाटीतले खिळे इकडचे तिकडे केले. “मंग त्या विलायती साहेबाचं पान. ते पाह्यलं तरी पाप?”

“आवडलं तर.”

“आन नाही आवडलं तर?”

सैफुद्दीन गमतीनं बोलत होता, पण गमतीतला प्रश्न खरा होता. ते पान उघडायचं आणि आवडू द्यायचं नाही, हे आपल्याला जमेल का, हे रतनलाल खरंच आजमावून पाहत होता. जमत नव्हतं. पान समोर नव्हतं तरी जमत नव्हतं. शिवाय आता त्याला उस्तादाचं धुकं आठवलं की आसेगावचा धूर आठवायचा, आणि धूर आठवला की कोठीतल्या लाल उजेडात दिसलेला तो नसलेला काठ. तो डोळ्यांसमोरून हटत नव्हता. त्या क्षणी जो आनंद झाला तो कोणत्या खात्यात धरायचा, हे त्याला सांगता आलं नसतं. चित्र तर उरलंच नव्हतं. आनंद मात्र झाला होता.

एवढ्यात उदयसिंग आला. अकोल्याची मोटार तो चालवायचा. संध्याकाळी अकोल्याला न्यायची, सकाळी परत आणायची. गाडीच्या टपाचे खिळे निघाले होते, नवे घ्यायला तो थांबला. सैफुद्दीननं खिळे बांधता बांधता त्याला सांगितलं की अकोल्याच्या कारखान्यातून उद्या थोडा बर्फ आण, भुशात घालून, पोत्यात. शेटजींच्या फोटोच्या पाण्यात टाकायचाय. पाणी गार असलं की सरस सुटत नाही.

उदयसिंगनं रतनलालकडे पाहिलं. “आनू का, शेटजी?”

रतनलालनं तोंड उघडलं. बर्फही आपल्याकडे वर्ज्य, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण वर्ज्य खाण्याला आहे, काच गार करण्याला आहे की नाही ते त्याला माहीत नव्हतं. आणि बर्फाला नाही म्हणणं म्हणजे त्या चार काचांना नाही म्हणणं होतं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गाडीत माणसं बसली होती. उदयसिंगनं थोडं थांबून पाहिलं, मान हलवली, खिळ्यांचा पुडा खिशात टाकला आणि गेला. मोटार अकोल्याच्या रस्त्याला लागली तेव्हा रतनलाल दुकानाच्या पायरीवर उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

घरी फोटो भिंतीवर होता. पानाबाईनं त्यावर पातळ पंचा टाकून ठेवला होता, निकाल लागेपर्यंत. रतनलालनं पंच्याला हात लावला नाही. कोठीत जाऊन त्यानं काचांची पेटी पाहिली, उघडली नाही. पेटीवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला आणि बाहेर येऊन त्यानं कोठीला कडी घातली.

उदयसिंगची मोटार अकोल्याहून सकाळी सातला सुटते आणि साडेदहाला मंगरूळपीरच्या चौकात थांबते.