पेडणेकर साहेबांची रजा

पेडणेकर साहेबांना रजेचा अर्ज दिला की ते कागदाकडे नाही, आपल्या तोंडाकडे बघायचे. "कित्याक?" म्हणजे कशाला, एवढंच विचारायचे. मग माणूस तापाने फणफणलेला असो की त्याची आजी गेलेली असो, लाल पेन्सिलीने शेरा पडायचा: 'कारण सबळ नाही. नामंजूर.' मुलुंडच्या आमच्या पंख्यांच्या कारखान्याचे ते वर्क्स मॅनेजर. मी टाइम ऑफिसातली कारकून, म्हणजे शेरे त्यांनी मारायचे आणि शिव्या मी खायच्या.

स्वतः साहेबांनी वीस वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. कंपनीने त्याबद्दल शाल दिली, श्रीफळ दिलं. झोप तेवढी द्यायची राहिली. पुढे पुढे ते एकच कागद तीनतीनदा वाचू लागले. कुलूप लावलं का बघायला जिन्यावरून परत येऊ लागले. डबा न उघडताच घरी जायचा. आणि आम्ही शहाणे याला निष्ठा म्हणायचो! त्या काळी त्याला दुसरं नावही नव्हतं. "मी थांबलंय की कारखानो थांबलो," असं साहेब अभिमानाने सांगायचे.

त्यांच्या मुलीचं, शुभाचं, लग्न ठरलं. बाप घरी सापडेना, म्हणून साहेबांची बायको, आमच्या काकू, पत्रिकेचा मसुदा घेऊन नाहूरच्या घरून ऑफिसात आल्या आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवून माझ्यापाशी बसल्या. अर्ध्या तासाने अर्जांचा गठ्ठा बाहेर आला, त्यात पत्रिका. 'आमची ज्येष्ठ कन्या'च्या खाली लाल अक्षरात: 'कारण सबळ नाही. नामंजूर.'

मला हसू फुटलं. काकूंना नाही. त्या तरातरा आत गेल्या, मी मागोमाग. साहेबांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "ह्यां कोणी लिवल्यान?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेव्हा मात्र मी हसायची थांबले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "आजार काही नाही. माणूस पार पिळून निघालाय." काकूंनी स्वतः दोन महिन्यांचा अर्ज लिहिला, कारणाच्या जागी 'नवरा हवा आहे' असं लिहून साहेबांसमोर धरला. साहेबांनी मुकाट सही केली.

पहिले आठ दिवस शेजाऱ्यांच्या फोनवरून रोज चौकशी: "वायंडिंगचा काय झाला?" मग फोन बंद. आम्हाला वाटलं, साहेब आटोपले! तर कळलं, साहेब दुपारचे घोरतात आणि काकूंबरोबर मासे आणायला जातात.

शुभाला सासरी पाठवून ते परत आले. 'तुमच्याशिवाय सगळं ठप्प होतं, साहेब' असं म्हणायचं सगळ्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. म्हणजे साहेब खूश, आणि महिन्याभरात पुन्हा जैसे थे, हे मला दिसत होतं. त्यांनी मला बोलावलं. "तू सांग गो. खरां सांग."

"काही अडलं नाही, साहेब. उलट माल वेळेवर गेला."

त्यांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. "मगे वीस वर्सां मी केलंय काय गो?"

"तेवढ्या वर्षांत शुभा मोठी झाली, साहेब."

बोलायला नको होतं, पण बोलून गेले. साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्यादेखत ते ढसाढसा रडले. मी दार लोटून बाहेर बसले आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, साहेब महत्त्वाच्या कामात आहेत.