चौकटीला दिलेलं धोतर

भिंतीच्या भेगेत माझी दोन बोटं सहज आत गेली. घरावर अजून कवेलू, म्हणजे छपराची कौलंसुद्धा चढली नव्हती आणि उत्तरेची भिंत बाहेरच्या अंगाला कलली होती. घरमालक इसराम खाली मान घालून उभा होता. जणू भेग त्याच्याच हातून पडली होती.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. गोंदियातल्या एका को-ऑपरेटिव्ह सोसायटीत मी ओव्हरसियर होतो. सोसायटी घरासाठी कर्ज द्यायची, पण एकरकमी नाही. जोतं झालं की एक हप्ता, भिंती उठल्या की दुसरा, छप्पर झालं की शेवटचा. ओव्हरसियरने काम पास केलं की पैसे थेट ठेकेदाराला. पहिले दोन हप्ते माझ्या आधीच्या माणसाने पास केले होते. इसरामचं घर फुलचूरला होतं, आणि तिथलीच त्याची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, या कर्जापायी गहाण होती.

घराची उत्तरेची बाजू बुजवलेल्या बोडीवर होती. बोडी म्हणजे लहानसं तळं. अशा जागी पाया गाळ ओलांडून खालच्या कडक मुरमापर्यंत न्यायचा असतो. मी भिंतीलगत खड्डा घ्यायला लावला. पाया गाळातच संपलेला! पावसाच्या झडीत ही भिंत पोराबाळांच्या अंगावर आली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठेकेदाराने तीन पावसाळ्यांची हमी लिहून दिली होती. भिंत हलली तर स्वखर्चाने बांधून देईन, अशी.

"इसरामभाऊ, बोलवा त्याला."

"कसा बोलवू सायेब? चौकटीले धोतर-नारळ देलो ना. मान देऊन वरून गाऱ्हानं सांगू? लोक काय म्हनतीन?"

आमच्याकडे काम पसंत पडलं की बांधणाऱ्याला धोतर-नारळ देतात. एकदा मान दिला की कुरकुर करायची नाही. हा मान खरं तर छप्पर झाल्यावर द्यायचा. या ठेकेदार पठ्ठ्याने मुहूर्ताची घाई करून तो दाराची चौकट बसवतानाच उरकायला लावला होता. हमी लिहून द्यायची आणि रीतीच्या आडून ती बुडवायची, याला मी सरळ चोरी म्हणतो.

मी मॅनेजरकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "छप्पर झालं की पास करून टाका. आपलं तारण जमीन आहे. घर पडलं तरी बांधी कुठे जाते?"

"आणि आत माणसं असली तर?"

"तो सोसायटीचा विषय नाही."

"मग माझी सही तरी कशाला? शिपायाची घ्या."

मी पास केलं नाही. काम का नापास ते कमिटीला लेखी दिलं.

हप्ता अडणार हे कळताच ठेकेदार स्वतः फुलचूरला आला. आजूबाजूचे लोकही जमले. तो हसत म्हणाला, "ओव्हरसियर साहब, मालिक ने खुद धोती दी है. अब झगडा कायका?"

 इसरामची बायको राधाबाई कवेलू रचत होती. ती हात झटकत उठली.

"धोतर कोनाले देल्लं?"

"मिस्त्री को दिया, मतलब मुझे दिया."

"मिस्त्रीले तुमी जेवढा सांगतला, तेवढाच त्यानं खोदला. त्याचा मान त्याले पावला. तुमी तं त्या दिवशी आलेच नाही. तुमचा धोतर आजून पेटीत हाय. पाया मुरमावर बसन, तवा घेजा."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर बोलून राहिली." ज्या रीतीच्या आड तो लपला होता, ती नाकारायची त्याची सोय उरली नाही. शिवाय हप्ता माझ्याकडे अडकलेला. त्याने शिव्या हासडल्या, पण उत्तरेची भिंत पाडली आणि स्वतःच्या खर्चाने मुरमापासून पुन्हा उठवली.

छप्पर झाल्यावरही मी हप्ता दिवाळीपर्यंत रोखला. झडी लागल्या, गेल्या, भिंत हलली नाही. मग पास केलं. मॅनेजरने माझी बदली धानाच्या गोदामावर केली. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो गिळायची माझी इच्छा नाही.

घर बांधणाऱ्यांना एवढंच सांगतो. हमी जरूर लिहून घ्या. पण भिंतीने एक पावसाळा काढल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. कललेल्या भिंतीकडे ठेकेदार परत येतो तो फक्त आपले अडकलेले पैसे सोडवायला.