मालकाचं मत, माझा चेहरा

मालकानं माझा खांदा धरला आणि मला ओढून पुढे उभं केलं. न विचारता. क्लोनडॉकिनमधल्या आमच्या ऑफिसचं कँटीन. सगळा स्टाफ गोळा केलेला. घराचा हक्क देशाच्या घटनेत घालायचा का, यावर सार्वमत होणार होतं. मालकाची कितीतरी घरं भाड्यानं दिलेली. त्याला 'नो' हवं होतं, आणि प्रचाराला पैसा तोच पुरवत होता. माझ्या हातात 'नो'चा फलक आला.

"हसा जरा," तो म्हणाला. "या देशानं तुम्हाला पासपोर्ट दिलाय."

लोक हसले. मीही हसले. फोटो निघाला.

पुढच्या आठवड्यात घरासमोरच्या खांबावर मीच लटकत होते. माझी मुलगी ओरडली, "आई, दॅट्स यू! आर यू व्होटिंग नो?"

मी स्वतः भाड्याच्या घरात राहते. माझं मत 'येस' होतं. तिच्याकडे बघवेना.

अभिजित माझा मॅनेजर. पुण्याचा. पोस्टर काढायला सांग, म्हटलं. त्यानं दार लावलं आणि मराठीत सुरू झाला.

"अगं, तुम्हा लोकांना झेंडे-मोर्चे काय नवीन आहेत? एक फोटो तर आहे." मग हळूच, "तुझा भाऊ आपल्याच कंपनीत वर्क परमिटवर आहे ना? रिन्युअल आलंय त्याचं."

तुम्हा लोकांना. इथेही.

आमच्या गावी मतदानाआधी पाटलाचा माणूस वस्तीत यायचा. कुणाला मत द्यायचं ते सांगून जायचा. बाबांनी एकदा ऐकलं नाही. मग अख्ख्या वस्तीला हापशीवर पाणी भरू दिलं नाही. तरी बाबा वाकले नाहीत.

सोमवारी मालक परत कँटीनमध्ये बोलायला आला. शेवटी म्हणाला, "काही प्रश्न?"

मी उठले.

"पोस्टरवरचा चेहरा माझा आहे. मत माझं नाही. ते काढा."

मालकानं माझ्याकडे बघितलं. मग हसला. "ग्रँड," म्हणाला. इथल्या बोलीत 'ठीक आहे'.

पोस्टर निघालं. भावाचं रिन्युअल अडकलं. का, कुणी सांगत नाही. चहाला माझ्या टेबलाशी कुणी थांबत नाही. मी 'येस'वर खूण केली. जिंकलं मालकाचं 'नो'.

भाऊ काल म्हणाला, "ताई, माफी माग ना. माझं तरी भागेल."

"नाही. आज मी माफी मागितली, तर उद्या तुला उभं करतील."

तो जेवण टाकून निघून गेला. मी थांबवलं नाही.

उद्या वकिलाला भेटायचंय. जे झालं ते सगळं सही करून देणार आहे. नावानिशी. मालकाचं, अभिजितचं, आणि माझं.