रिकामी पुडी

वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर एका मेकॅनिकची टपरी होती. आधी तो जिनिंगमध्ये इंजिनवर होता. तिथं हंगामाचा कापूस यायच्या आत चालतं इंजिनही खोलून साफ करायची रीत होती, आणि तीच त्यानं माझ्या स्कूटरला लावली. दिवाळीआधी निरोप यायचा, "डॉक्टरसाहेब, गाडी आणा."

गाडी छान चालत असताना पैसे कशाला घालवायचे, असं मला दरवर्षी वाटायचं.

"बिघाड नाही, मग खोलतोस कशाला?"

तो इंजिनाकडे बघूनच उत्तर द्यायचा. "बिघडल्यावर त कोनीबी खोलते."

मग पेचकसाचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटायचा. आतून निघालेली काजळी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवायचा, आणि त्यानंतरच पैसे मागायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना तो एकाच ढिगातली काजळी देतो, असा मला संशय होता.

एका वर्षी मी आजारी होतो, गाडी फारशी फिरलीच नाही. त्यानं पुडी दिली ती रिकामी.

"यंदा काई निंगालं नाई," तो म्हणाला. "पैसे मातर पुरे घेईन. खोलून पाह्यलं नं म्या."

मी पुरे पैसे मोजून दिले.

त्याच संध्याकाळी माझ्या दवाखान्यात किन्हीराजा गावचा एक शेतकरी छाती दाखवायला बसला होता. नीट तपासलं. काही नव्हतं. पण तेवढंच सांगून फी मागायला माझी जीभ रेटेना. नेहमीसारखं बाटलीत लाल, गोड पाणी भरलं, तीन डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि मग पैसे घेतले.